विधी प्रवेश परीक्षेची तयारी : मदत कोणाकडे, केव्हा आणि कशी मागावी

अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय शाखेकडे जाऊ पाहणाऱ्या मुलाला तालुक्याच्या गावीही वाट दाखवणारे कोणीतरी भेटते. शेजारच्या दादाने ती परीक्षा दिलेली असते, शाळेतल्या सरांना पुस्तकांची नावे पाठ असतात आणि कोणत्या क्लासची फी किती, हे घरच्यांच्या कानावर आलेले असते. कायद्याच्या शिक्षणाकडे वळणाऱ्याच्या वाट्याला असा मळलेला रस्ता सहसा येत नाही. बारावीची विद्यार्थिनी असो, पदवीनंतर नोकरी सांभाळत तीन वर्षांच्या एलएल.बी.चा विचार करणारा कर्मचारी असो, किंवा मुले मोठी झाल्यावर पुन्हा पुस्तक हाती घेणारी गृहिणी असो, घरात पहिल्यांदाच कोणी ही परीक्षा देत असेल तर विचारायचे कोणाला, हाच पहिला प्रश्न पडतो.

अशा उमेदवारांशी बोलताना एक गोष्ट मला वारंवार जाणवली आहे. मदत करणारी माणसे आपल्या अवतीभोवती असतात. परंतु ‘मला मार्गदर्शन हवे आहे’ ही मागणी इतकी मोघम असते की समोरच्याला नेमके काय द्यावे ते कळत नाही आणि चार शुभेच्छा देऊन तो मोकळा होतो. म्हणून आधी आपली अडचण ओळखावी, ती कोण सोडवू शकेल हे ठरवावे आणि मग त्या माणसाकडे तेवढीच गोष्ट मागावी. पुढे दिलेला क्रम याच विचाराने लावला आहे.

आधी परीक्षा नक्की करा

महाराष्ट्रातील शासकीय, अनुदानित आणि बहुतेक खासगी विधी महाविद्यालयांतील प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या सीईटीतून होतात. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या आणि पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमांसाठी दोन स्वतंत्र परीक्षा असतात. त्या संगणकावर घेतल्या जातात, प्रश्न इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत असतात आणि चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. १८५५ साली सुरू झालेले मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय किंवा १९२४ साली स्थापन झालेले पुण्याचे आयएलएस विधी महाविद्यालय येथे जायचे असेल, तर वाट याच परीक्षेतून जाते.

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी मात्र क्लॅट द्यावी लागते. ती राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा संघ घेतो. प्रश्नपत्रिका कागदावर आणि फक्त इंग्रजीत असते, दोन तासांत १२० प्रश्न सोडवायचे असतात आणि प्रत्येक चुकीच्या उत्तरामागे पाव गुण जातो. अलीकडे ही परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाली आहे, म्हणजे बारावीच्या लेखी परीक्षेच्याही आधी. त्यामुळे ‘बारावी झाली की बघू’ हे धोरण क्लॅटच्या बाबतीत चालत नाही.

दोन्हींपैकी काय द्यायचे, की दोन्ही द्यायच्या, हे ठरल्याशिवाय कोणाकडेही मदत मागू नका. क्लॅट दिलेला विद्यार्थी उताऱ्यावर आधारित प्रश्नांबद्दल सांगेल, तर सीईटी दिलेला राज्यघटनेतील अनुच्छेद आणि लॅटिन सूत्रे पाठ करायला सांगेल. दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात आणि ऐकणारा मात्र गोंधळून जातो.

सीईटीच्या दोन परीक्षांतही फरक आहे. अलीकडच्या रचनेनुसार तीन वर्षांच्या सीईटीत १२० पैकी ४० प्रश्न इंग्रजीचे आणि ३२ सामान्य ज्ञानाचे असतात. कायदेविषयक कल आणि तर्कशक्ती यांचे प्रत्येकी २४ असतात. पाच वर्षांच्या सीईटीत कायदेविषयक कल आणि तर्कशक्ती यांचे प्रत्येकी ३२, सामान्य ज्ञान आणि इंग्रजी यांचे प्रत्येकी २४ आणि गणिताचे ८ प्रश्न असतात. पदवीधर उमेदवाराच्या परीक्षेचा तिसरा हिस्सा एकट्या इंग्रजीचा असेल, तर त्याला लागणारा पहिला आधार कायद्याच्या जाणकारापेक्षा इंग्रजीच्या चांगल्या शिक्षकाचा आहे, हे या आकड्यांतूनच दिसते. रचनेत बदल होऊ शकतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. ऐकीव माहितीवर विसंबू नये.

एक प्रश्नपत्रिका सोडवा आणि चुकांचे तीन ढीग करा

अभ्यास सुरू करण्यापूर्वीच एक जुनी किंवा नमुना प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा. गुण कमी पडतील, त्याची खंत करू नका. नंतर चुकलेल्या आणि सुटलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे त्याचे कारण लिहा. माहितीच नव्हती, की भाषा समजली नाही, की वेळ पुरला नाही? बहुतेक चुका या तीन ढिगांपैकी एकात बसतात आणि प्रत्येक ढिगासाठी मदत करणारा माणूस वेगळा असतो.

माहितीचा ढीग मोठा असेल तर त्याला पुस्तक, वर्तमानपत्र आणि शिस्त पुरते. त्यासाठी महागडा क्लास लावणे हा पैशांचा अपव्यय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. वेळेचा ढीग मोठा असेल तर सराव परीक्षा आणि त्यांचे विश्लेषण करून देणारे कोणीतरी हवे. भाषेचा ढीग सर्वांत चिवट असतो. मराठी माध्यमातून शिकलेल्या अनेक उमेदवारांना तर्क उत्तम जमतो, पण इंग्रजी प्रश्नातील दुहेरी नकार किंवा ‘शिवाय’, ‘जोपर्यंत नाही’ अशा अर्थाचे शब्द निसटतात आणि आपल्याला तर्कच येत नाही, असा त्यांचा समज होतो. तो खरा आहे का, हे तपासण्याचा सोपा उपाय आहे. चुकलेला प्रश्न कोणाकडून तरी मराठीत समजावून घ्या आणि पुन्हा सोडवा. आता उत्तर बरोबर आले, तर तुमची अडचण तर्काची नसून वाचनाची आहे.

भाषेसाठी

या कामी सर्वांत जवळचा माणूस म्हणजे तुमच्या शाळेतील किंवा महाविद्यालयातील इंग्रजीचे शिक्षक. त्यांना सीईटीची माहिती नसली तरी बिघडत नाही. रोज इंग्रजी वर्तमानपत्राच्या संपादकीयातील एक परिच्छेद वाचा, त्याचा आशय चार वाक्यांत मराठीत लिहा आणि आठवड्यातून एकदा ती वही त्यांना दाखवून ‘माझा अर्थ कुठे चुकला तेवढेच सांगा’ अशी विनंती करा. एवढ्या मर्यादित कामाला नकार देणारे शिक्षक विरळा.

कायद्याच्या पारिभाषिक शब्दांसाठी भाषा संचालनालयाचा न्याय व्यवहार कोश फार उपयोगी पडतो. भारताच्या संविधानाची अधिकृत मराठी आवृत्तीही उपलब्ध आहे. ती आणि इंग्रजी प्रत शेजारी ठेवून मूलभूत हक्कांचे भाग वाचले, तर कायदा आणि भाषा दोन्हींचा अभ्यास एकाच बैठकीत होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या अनेक निकालपत्रांचे मराठी अनुवाद आता संकेतस्थळावर मिळतात. परीक्षेसाठी ती पूर्ण वाचण्याची गरज नाही, पण गाजलेल्या एखाद्या निकालाची पहिली काही पाने वाचली तरी कायद्याची भाषा कानाला सरावते.

येथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. १ जुलै २०२४पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागीही नवे कायदे आले. प्रेमाने दिलेली जुनी पुस्तके आणि टिपणे घ्यावीत, परंतु त्यांतील कलमांचे क्रमांक पाठ करण्यापूर्वी ते आजही लागू आहेत का, हे तपासून घ्यावे.

एक वर्ष पुढे असलेला माणूस शोधा

सर्वांत मोलाची मदत बहुधा गेल्याच वर्षी ही परीक्षा देऊन प्रवेश मिळवलेल्या विद्यार्थ्याकडून मिळते. त्याला अर्ज भरताना झालेल्या चुका आठवत असतात, परीक्षा केंद्रावर काय होते ते ठाऊक असते आणि आपण वाया घालवलेले दोन महिनेही तो विसरलेला नसतो. असा विद्यार्थी ओळखीत नसेल, तर ज्या महाविद्यालयात जाण्याची इच्छा आहे तेथील कार्यालयात किंवा ग्रंथालयात जाऊन प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांशी बोलण्याची परवानगी मागावी. जिल्ह्याच्या ठिकाणी एकदा प्रत्यक्ष जाऊन आलात, तर आठवडाभर फोनवर शोधाशोध करण्यापेक्षा अधिक हाती लागते.

त्याच्याशी बोलण्यापूर्वी निरोप कसा पाठवावा, याचा एक नमुना देतो.

‘नमस्कार ताई. मी मराठी माध्यमातून बारावी करीत असून पाच वर्षांच्या विधी सीईटीची तयारी करीत आहे. काल नमुना प्रश्नपत्रिका सोडवली, तेव्हा तर्कशक्तीच्या ३२ पैकी १४ प्रश्न बरोबर आले आणि त्या भागालाच माझी ५० मिनिटे गेली. हा भाग तुम्ही कोणत्या क्रमाने सोडवत होता, एवढेच विचारायचे आहे. येत्या रविवारी तुमच्या सोयीच्या वेळी १५ मिनिटे फोन करू का?’

या निरोपात आपण कोण, काय केले, कुठे अडलो आणि किती वेळ हवा, हे चारही मुद्दे आहेत. ज्याला उत्तर द्यायचे आहे त्याच्यावर विचार करण्याचा भार पडत नाही. बोलणे झाल्यावर सांगितलेला उपाय करून पाहावा आणि आठ-दहा दिवसांनी त्याचा परिणाम कळवावा. आपला सल्ला कोणीतरी अमलात आणला, हे कळले की माणूस पुढच्या वेळी स्वतःहून मदत करतो. उलट रोज नवा प्रश्न पाठवणाऱ्याचे निरोप हळूहळू न वाचलेले राहू लागतात.

वकिलांकडे मात्र वेगळ्या अपेक्षेने जावे. महाराष्ट्रात विधी सीईटी २०१६ साली सुरू झाली. त्याआधी शिकलेल्या वकिलांनी ही परीक्षा दिलेलीच नाही. ‘आमच्या वेळी असे काही नव्हते’ हे त्यांचे म्हणणे खरे असते आणि त्यामुळे परीक्षेच्या तंत्राबद्दल त्यांना विचारण्यात अर्थ नाही. करार म्हणजे काय, निष्काळजीपणा कायद्यात कसा ठरतो, जामीन आणि निर्दोष सुटका यांत फरक काय, हे मात्र त्यांच्याइतके सोपे करून कोणी सांगू शकणार नाही. तालुका न्यायालयाच्या बार रूममध्ये सकाळी कामकाजाची धावपळ असते, म्हणून भेट दुपारच्या सुट्टीत किंवा संध्याकाळी त्यांच्या कार्यालयात, आधी विचारून घ्यावी. न्यायालयाचे कामकाज सर्वसाधारणपणे सर्वांना खुले असते. एक दिवस मागच्या बाकावर शांतपणे बसून ते पाहिले, तर ज्यासाठी आपण हे सारे करीत आहोत ते काम कसे असते, हेही कळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची कायदेविषयक शिबिरे गावोगावी होत असतात. तेथे येणाऱ्या वकिलांशी ओळख करून घेणे आणखी सोपे.

अभ्यासगट लहान ठेवा

शहरात अभ्यासिका आहेत, गावात सार्वजनिक वाचनालय आहे आणि जिल्ह्याला शासकीय जिल्हा ग्रंथालय आहे. या ठिकाणी स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले असतात आणि त्यांचा सामान्य ज्ञानाचा व तर्कशक्तीचा अभ्यास तुमच्या परीक्षेशी बराच जुळतो. विधीचे उमेदवार मिळाले नाहीत, तरी त्यांच्यासोबत बसता येते.

गटात तीन ते पाच जण असावेत. त्याहून मोठा झाला, की तो गप्पांचा अड्डा होतो किंवा मोबाइलवरचा एक निर्जीव गट बनून राहतो. आठवड्यातून एकच बैठक ठरवा आणि तिच्यात वाचन करू नका, कारण वाचन प्रत्येकाने घरी करायचे असते. बैठकीत प्रत्येकाने आठवडाभरातील आपल्या तीन चुका मांडाव्यात आणि चुकीचा पर्याय बरोबर का वाटला, हे मोठ्याने सांगावे. कायदेविषयक तर्काच्या प्रश्नांत, म्हणजे कायद्याचे एक तत्त्व आणि एक प्रसंग देऊन उत्तर विचारणाऱ्या प्रश्नांत, याचा विशेष लाभ होतो. दिलेले तत्त्व बाजूला ठेवून आपण आपल्या न्यायबुद्धीने उत्तर देत होतो, हे दुसऱ्याला समजावून सांगताना आपल्यालाच उमगते. प्रश्नातील तत्त्व तुम्हाला पटले नाही तरी उत्तर त्याच तत्त्वाने द्यायचे असते, आणि ही सवय एकट्याने लावून घेणे कठीण आहे.

चालू घडामोडी वाटून घ्याव्यात. एकाने राज्याच्या, दुसऱ्याने देशाच्या, तिसऱ्याने न्यायालयीन बातम्यांची पानभर टिपणे काढावीत. गुणांची तुलना मात्र गटात करू नये. मी चांगले गट याच कारणाने तुटलेले पाहिले आहेत.

क्लास लावायचा का?

हा निर्णय ढिगांकडे पाहून घ्यावा. क्लास लावायचाच असेल, तर फी भरण्यापूर्वी एका तासिकेला बसू देण्याची विनंती करा. तुम्ही देणार असलेल्या परीक्षेचाच वेगळा वर्ग आहे का, सराव परीक्षेनंतर चुका कोणी बसून दाखवतो का, मध्येच सोडावे लागल्यास फीचे काय होते आणि पावती मिळते का, हे विचारा. ‘प्रवेशाची हमी’ देणाऱ्यापासून दूर राहा, कारण प्रवेश गुणवत्ता यादी आणि पसंतीक्रमावरून होतात आणि अशी हमी देणे कोणत्याही क्लासच्या हातात नसते.

पैशांची अडचण असणाऱ्यांनी आयडिया या संस्थेकडे अवश्य चौकशी करावी. प्राध्यापक शामनाद बशीर यांनी २०१० साली सुरू केलेली ही संस्था वंचित घटकांतील विद्यार्थ्यांना राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षांसाठी तयार करते आणि प्रवेशानंतरही त्यांच्या पाठीशी राहते. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती यांसारख्या संस्था निरनिराळ्या परीक्षांसाठी विनामूल्य प्रशिक्षण जाहीर करतात. त्यात विधी प्रवेश परीक्षा आहे की नाही, हे त्या वर्षीच्या जाहिरातीतच पाहावे.

घरच्यांकडे काय मागावे

याविषयी फारसे बोलले जात नाही, पण बहुतेकांची तयारी घरातच तुटते. ‘मला अभ्यास करू द्या’ असे म्हटल्याने घरातले काम कमी होत नाही. त्याऐवजी ‘संध्याकाळी ७ ते ९ मला कोणी हाक मारू नये आणि त्या वेळेतील स्वयंपाकाचे काम परीक्षा होईपर्यंत दुसऱ्या कोणी करावे’ असे ठरवून घ्यावे. ज्यांच्यावर मुलांची किंवा आजारी माणसाची जबाबदारी आहे, त्यांनी तर आठवड्यातील एक अखंड अर्धा दिवस मागून घ्यावा, कारण पूर्ण सराव परीक्षा तुकड्या-तुकड्यांत देता येत नाही. नोकरी करणाऱ्यांनी परीक्षेच्या आठवड्याची रजा तारीख जाहीर होताच मागावी. घरच्यांना वकिलीविषयी शंका असतील, विशेषतः ‘मुलीने कोर्टात कशाला जायचे’ असा सूर असेल, तर वाद घालत बसण्यापेक्षा एखाद्या महिला वकिलांशी त्यांची भेट घडवून आणावी.

कागदपत्रांची जबाबदारी दुसऱ्या कोणाकडे द्या

चांगले गुण मिळूनही जात वैधता प्रमाणपत्राअभावी जागा हातची जाते, तेव्हा अतिशय वाईट वाटते, कारण ती चूक टाळता येण्यासारखी असते. अधिवास, उत्पन्न, जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेअर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र यांसाठी सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्रात अर्ज करावा लागतो. जात पडताळणीचा अर्ज जिल्हा समितीकडे जातो आणि अनुसूचित जमातींसाठी स्वतंत्र समित्या आहेत. वडिलांकडील जुने पुरावे शोधण्यातच काही आठवडे जाऊ शकतात, म्हणून ही कामे प्रवेशाच्या नव्हे, तर अभ्यासाच्या पहिल्या महिन्यात सुरू करावीत आणि शक्य असल्यास घरातील एखाद्या जाणत्या माणसावर सोपवावीत. सर्वसाधारण प्रवर्गाला पात्रता परीक्षेत, म्हणजे बारावी किंवा पदवीला, ४५ टक्के गुणांची अट आहे, आरक्षित प्रवर्गांना त्यात सवलत असते. आपली गुणपत्रिका त्या दृष्टीने आधीच पाहून ठेवावी.

दिव्यांग उमेदवारांना केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार दर तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ आणि गरजेनुसार लेखनिक मिळू शकतो. तो परीक्षेच्या दिवशी मागून मिळत नाही. अर्ज भरतानाच नोंद करावी लागते आणि प्रमाणपत्र जोडावे लागते. शुल्काची चिंता असणाऱ्या मुलींनी राज्य शासनाचा जुलै २०२४चा निर्णय माहीत करून घ्यावा. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना, केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास, त्यानुसार शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत दिली जाते. इतर शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटीवर भरले जातात.

मन थकले तर

सराव परीक्षेत गुण घसरले की दोन-तीन दिवस उदास वाटणे साहजिक आहे. पण झोप उडाली, जेवण नकोसे झाले, अभ्यासाला बसले की छाती धडधडू लागली आणि हे दोन आठवडे टिकले, तर तो इच्छाशक्तीचा प्रश्न राहत नाही. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालू असतो आणि तेथे मराठीतही बोलता येते. जीव नकोसा वाटण्याचे विचार येत असतील, तर त्याच क्षणी हा क्रमांक लावावा आणि घरातील एका माणसाला शेजारी बसवून घ्यावे. मित्राच्या बाबतीत अशी शंका आली, तर त्याला थेट विचारण्यास कचरू नये.

निकालानंतरची मदत

परीक्षा संपली की गट पांगतो आणि सर्वांत महत्त्वाचा अर्ज एकट्याने, घाईत भरला जातो. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतील महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरण्यापूर्वी त्याच एक वर्ष पुढे असलेल्या विद्यार्थ्याला पुन्हा गाठावे आणि यादीतील वरच्या पाच महाविद्यालयांत शिकणाऱ्या एकेकाशी बोलावे. तासिका नियमित होतात का, वसतिगृह आहे का, प्रत्यक्ष खर्च किती येतो, वर्ग सकाळी असतात की दुपारी, हे त्यांना विचारावे. नोकरी करणाऱ्यांनी शेवटचा प्रश्न सर्वांत आधी विचारावा, कारण बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८च्या नियमांत प्रत्येक विषयाला किमान ७० टक्के हजेरीची अट आहे आणि ‘हजेरीचे बघून घेऊ’ असे सांगणाऱ्या मध्यस्थाच्या शब्दावर तीन वर्षे लावणे धोक्याचे आहे. यादी भरून झाल्यावर ती लगेच कायम करू नये. मुदत असेल तर एक रात्र जाऊ द्यावी, सकाळी घरातील एका माणसाला ती मोठ्याने वाचून दाखवावी, महाविद्यालयांची नावे आणि संकेतांक जुळतात का ते दोघांनी मिळून पाहावे आणि मगच कळ दाबावी.